एका पेनीचा पाव

आज वाण्याकडून आणलेला बिस्किटांचा पुडा किमतीने पूर्वीइतकाच, पण वजनाने हलका निघाला, तेव्हा मला ‘पेनीवर्थ’ हा जुना इंग्रजी शब्द आठवला. एका पेनीत येईल तेवढा माल हा त्याचा मूळ अर्थ. पुढे दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला, असाही अर्थ त्याला लाभला, आणि बोलीत त्याचे ‘पेनर्थ’ झाले. १३व्या शतकातील इंग्लंडमध्ये पावाची किंमत स्थिर ठेवून, धान्य महागले की वजन कमी केले जाई. मात्र ते वजन कायद्याने ठरत असे आणि त्याहून हलका पाव विकणाऱ्याला दंड होई. गिऱ्हाइकाविषयीची ही काळजी मला फार मोलाची वाटते. १९७१ मध्ये पौंडाच्या २४० पेनींऐवजी १०० झाल्या, तरी हा शब्द टिकून आहे.