मानेवरचं किचन

"तुझं किचन दिसतंय गं," असं एकजण जेवताजेवता दुसरीला म्हणाली आणि दुसरीने झटकन मानेवर हात ठेवला. मी आपली डब्याचं झाकण हातात धरून बघतेय, कुठलं किचन, कुणाचं किचन.

गोष्ट आमच्या शिकागोच्या ऑफिसातली. दर शुक्रवारी लंचला चौघींचं टेबल जमतं, एक इथल्याच साउथ साइडची, एक डेट्रॉइटची, एक मेम्फिसची आणि मी डोंबिवलीची. त्या तिघी ब्लॅक, पन्नाशीच्या आसपास, तीन वेगळ्या शहरांत वाढलेल्या, नोकरीला लागेपर्यंत एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या, पण एकीने लहानपणीचं वाक्य सुरू करायचा अवकाश, उरलेलं बाकीच्या दोघी पूर्ण करतात, तेही आईच्या आवाजात. मला सगळ्यात जास्त मजा याचीच येते.

तर किचन म्हणजे मानेवरचे अगदी खालचे केस, सगळ्यात घट्ट कुरळे. बाकीचं डोकं कितीही चापूनचोपून सरळ केलं तरी हे पहिले बंड करून उठतात. आणि केस सरळ व्हायचे तेही खऱ्या किचनमध्येच, शनिवारी रात्री, कारण रविवारी चर्च. गॅसच्या बर्नरवर लाकडी मुठीचा पितळी कंगवा तापत ठेवलेला. आई तो उचलून आधी जुन्या टॉवेलवर टेकवून बघणार, डाग पडला म्हणजे जास्त तापलाय, मग जरा फुंकर, मग केसांना डबीतलं ग्रीस आणि मग चर्रर्र. "कान धर!" इथपर्यंत गोष्ट आली आणि टेबलावरच्या तिघींनी खरोखर आपापल्या कानाची पाळी बोटांनी दुमडून धरली! त्यातली एक चाळीस माणसांची मॅनेजर आहे, दोघींना नातवंडं आहेत, पण खांदे एकदम कानापर्यंत वर. आणि पोरगी किंचाळली की आई काय म्हणणार, हे तर तिघींनी एका सुरात म्हटलं: "भाजलं नाहीये, नुसतं ग्रीस आहे ते!"

जी फार रडायची तिला टेंडर-हेडेड म्हणायचे, म्हणजे हुळहुळ्या डोक्याची, आणि हे काही लाडाने नाही, वर कंगव्याची पाठ बोटांवर बसायची ती वेगळी.

मी अर्थातच म्हटलं, "आमच्याकडे पण!" (हे मी इतक्या वेळा म्हणते की आता त्यांनी माझं नावच ते पाडलंय.) आईच्या दोन गुडघ्यांच्या कैचीत डोकं, थंडीत गोठलेली खोबरेलाची बाटली सकाळपासून उन्हात, हललं की पाठीत धपाटा, शेवटी इतक्या घट्ट दोन वेण्या की भुवया वर ओढल्या जायच्या. पण माझी वेणी पावसात भिजली तर भिजली, त्यांचं तसं नाही. पाण्याचा थेंब काय, नुसता घाम आला तरी केस पुन्हा मूळ पदावर, म्हणजे शनिवारचे दोन-तीन तास गेले वाया, म्हणून पळायचं नाही, पोहायचं नाही, धुक्यात उभं राहायचं नाही. डेट्रॉइटवालीच्या वेण्यांना खाली मणी असायचे, मणी निसटू नयेत म्हणून टोकाला चांदीचा कागद गुंडाळलेला, आणि मान हलवली की खुळखुळ आवाज. ती मुद्दाम हलवायची, कोण नाही हलवणार. एका बाईंनी वर्गात आवाज होतो म्हणून काढायला लावले तर घरी जाऊन आईला सांगायची हिंमत होईना, कारण आईचा अख्खा रविवार त्यात गेलेला. केसांवरून शाळेत आणि नोकरीत त्रास द्यायचा नाही असा राज्याचा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ मध्ये, म्हणजे ही डेट्रॉइटवाली तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती.

मग डॅनिश बिस्किटांचा निळा गोल डबा निघाला. आजीच्या कपाटावर तो दिसायचा, आशेने उघडायचा, आत सुईदोरा आणि बटणं. यावर मात्र चौघी एकदम ओरडलो. पृथ्वीवर कुठल्याच घरात त्या डब्यात बिस्किटं सापडलेली नाहीत असं माझं ठाम मत झालंय.

त्याच भरात मेम्फिसवाली म्हणाली, दुकानात शिरण्याआधी आई गाडीतच मागे वळून बघायची आणि, पुढचं दोघींनी पूर्ण केलं, "काही मागायचं नाही, कशाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, आमच्याकडे पण! तर त्या पुढे बोलतच राहिल्या. हात खिशात घालायचे नाहीत. हात दिसले पाहिजेत. छोटी वस्तू घेतली तरी पिशवी घ्यायची आणि पावती घेतल्याशिवाय दाराकडे वळायचं नाही. मी गप्प बसले. माझ्या आईला पाकिटाची आणि लोकांपुढच्या शोभेची काळजी असायची, ही काळजी वेगळी होती. मेम्फिसवालीने पर्स उघडून टेबलावर पावत्यांची चवड ठेवली, पेट्रोल, औषधं, एक तर नुसत्या च्युइंगगमची, एक डॉलर एकोणऐंशी सेंट, शाई उडून गेलेली. "अजून फेकवत नाही," म्हणाली आणि हसली, मग त्या दोघीपण हसल्या, मला काही जमलं नाही.

साउथ साइडवाली उन्हाळ्याच्या सुट्टीत मिसिसिपीला धाडली जायची, पणजीकडे. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून साठेक लाख ब्लॅक लोक उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले, तिचे आजी-आजोबा त्यातलेच, त्यामुळे घर शिकागोत आणि गाव तिकडे, हे आपल्या मुंबईकरांना वेगळं समजवायला नकोच. प्रवासाला बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन, ब्रेड आणि केकचा तुकडा. तिला वाटायचं आजीच्या हातचं म्हणून नेतात. पुढे मोठेपणी कळलं की आजीच्या तरुणपणी वाटेतल्या हॉटेलांत त्यांना बसूच देत नसत, कायदा बदलला १९६४ मध्ये, खोकं मात्र तसंच चालू राहिलं. त्याच आजीच्या कपाटात जेट नावाच्या चिमुकल्या साप्ताहिकाचा १९५५ चा अंक जपून ठेवलेला, त्यात एमेट टिलचा शवपेटीतला फोटो. शिकागोचाच चौदा वर्षांचा पोरगा, सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेलेला, तिथे गोऱ्यांनी त्याला मारून टाकलं, आणि त्याच्या आईने पेटी उघडीच ठेवायला लावली, जगाला दिसू दे म्हणून. दरवर्षी गाडीत बसवण्याआधी आजी नातीला तो अंक दाखवायची, काही न बोलता. मग म्हणायची, चल, खोकं घे.

एवढं सांगून ती उठली आणि चौघींसाठी कॉफी घेऊन आली.

गेल्या शुक्रवारी एसी बंद पडला होता, मी उकाड्याने केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचली तर मागून डेट्रॉइटवालीचा आवाज, "अगं, हिलापण किचन आहे!" मानेवरचे चार पांढरे केस सुटले होते, तेवढेच. मी म्हणणारच होते, आमच्याकडे पण. तेवढ्यात साउथ साइडवाली चष्मा सरकवून जवळ आली, नीट बघितलं आणि मान हलवली.

"किचन कसलं," म्हणाली. "फार तर पँट्री."