जुन्या गोव्यात, वेदीपासून वेदीपर्यंत

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शनिवारी पहाटे आमचा वसईचा अठ्ठावीस जणांचा गट करमळी स्थानकावर उतरला आणि रिक्षांनी मांडवीच्या काठी, दिवाडीला जाणारी फेरी जिथून सुटते त्या जेट्टीवर जमला. यापूर्वी मी तीनदा जुन्या गोव्याला गेलो होतो. तिन्ही वेळा बसने, दीड तासात सगळे आटोपून: बॉम जेझुस, से कॅथेड्रल, संग्रहालय आणि शेवटी कोकमाचे सरबत. या वेळी मात्र सात ठिकाणी पायी जाऊन प्रार्थना करायची होती. आम्हांला वाट दाखवणारे निवृत्त शिक्षक तिसवाडीतलेच होते. त्यांची अट एकच होती: एका देवळातून दुसऱ्या देवळापर्यंत जाताना कोणी गप्पा मारायच्या नाहीत, जपमाळ म्हणायची आणि आजूबाजूला पाहायचे. आपल्याकडे चर्चला कोणी ‘देऊळ’ म्हणाले की गावाबाहेरचे लोक चमकतात. सरांनी तो शब्द इतक्या सहज वापरला की आमच्या मावशीला तिथेच बरे वाटले.

सुरुवात व्हाइसरॉयच्या कमानीपासून झाली. पोर्तुगालहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीतून उतरून या कमानीतून शहरात शिरत असे. आताची कमान 1954 मध्ये पुन्हा उभारलेली आहे. तिच्यातून आत गेल्यावर मात्र शहर लागत नाही, माड लागतात. एके काळी पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत गणले जाणारे हे ठिकाण वारंवार येणाऱ्या साथींनी ओस पडले, 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली आणि घरांचे चिरे लोकांनी दुसरी घरे बांधायला नेले. उरली ती बहुतांशी देवळेच. बसमधून हे कळत नाही, कारण बस एका वास्तूच्या दारातून दुसऱ्या वास्तूच्या दारात नेते. पायी चालताना दोन वास्तूंमधला मोकळा भाग पावलांना मोजावा लागतो, आणि तो मोकळा भाग म्हणजेच ते शहर होते.

संत काजेतान यांच्या देवळात आम्ही पहिली प्रार्थना केली. इटलीहून आलेल्या थिएटाइन धर्मगुरूंनी सतराव्या शतकात ते बांधले, तेव्हा रोममधले संत पेत्राचे महामंदिर त्यांच्या डोळ्यांसमोर होते. घुमटाखाली उभे राहिले की ते लगेच जाणवते, फक्त इथे गर्दी नाही. बाहेर आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट उभी आहे. ती पाहायला कोणी थांबत नव्हते, म्हणून सरांनी सगळ्यांना मागे बोलावले. “आधी कोण राहत होते, तेही पाहून घ्या,” एवढेच ते म्हणाले.

से कॅथेड्रलला आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, शहर जिंकले म्हणून हे देऊळ तिला वाहिलेले आहे. बांधकाम 1562 मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत पुरी व्हायला 1619 उजाडले. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच गेला नाही, त्यामुळे समोरून पाहताना इमारत एका खांद्याने उतरल्यासारखी दिसते. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. सोन्याची म्हणजे नादावरून म्हणतात. त्या गोड नादाबद्दल सगळे सांगतात. धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, शिक्षा जाहीर होण्याच्या दिवशी हीच घंटा वाजत असे, हे फारसे कोणी सांगत नाही.

सरांनी सांगितले. देवळासमोरच्या चौकात ते आम्हांला मोकळ्या जागेकडे घेऊन गेले. धर्मन्यायालयाचा वाडा तिथे होता. गोव्यात हे न्यायालय 1560 मध्ये आले आणि, मधला थोडा काळ वगळता, 1812 पर्यंत चालले. नवख्रिस्ती, हिंदू चालीरीती न सोडलेले लोक, संशयावरून पकडलेले लोक, असे कितीतरी जण या जागेवरून गेले. आता तिथे एक दगडही नाही. मी अशा यात्रा पाहिल्या आहेत, ज्यांत हा भाग “त्या काळी काही चुका झाल्या” एवढ्या एका वाक्यात उरकला जातो, आणि मला तो दर वेळी खोटेपणा वाटत आला आहे. इथे कोणी भाषण केले नाही. आम्ही ‘हे आमच्या बापा’ म्हटले आणि ‘आमच्या अपराधांची आम्हांला क्षमा कर’ या ओळीपाशी आवाज आपोआप खाली आला. माझ्या मते त्या दिवसाची खरी यात्रा तिथे झाली, बाकीचे सहा थांबे त्याच्या आजूबाजूचे.

शेजारच्या संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या देवळातली फरशी थडग्यांच्या शिळांची आहे. घराण्यांची चिन्हे कोरलेल्या त्या शिळांवरून पाय जपून टाकत आम्ही वेदीपर्यंत गेलो आणि लवकरच बाहेर पडलो.

मिस्सा, म्हणजे दिवसाची मुख्य उपासना, बॉम जेझुसमध्ये होती. लाल जांभा दगडाची ही उघडी भिंत गोव्याच्या प्रत्येक चित्रात दिसते, पण ती मुळात अशी नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता, तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून कोकणातला पाऊस थेट दगड खातो आहे. वसईच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. संत फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, आणि त्यांचा देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आला. संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने घडवलेला, त्यावरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी. मला दर वेळी ती पेटी अधिक आवडते. पुढे उभी असलेली एक गोंयकार म्हातारी “सायबा, सायबा” एवढेच पुटपुटत होती. तिला ना पेटीशी देणेघेणे होते, ना शिल्पकाराशी.

दुपारी होली हिलचा चढ चढायचा होता. मावशीच्या गुडघ्याने तक्रार केली, तरी ती रिक्षात बसली नाही. आधी संत मोनिकेचा मठ, आशियातल्या जुन्या स्त्रीमठांपैकी एक. 1636 मध्ये इथल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले, अशी श्रद्धा आहे. त्या क्रुसापुढे आमच्यातल्या बायका बराच वेळ बसल्या. मग समोर संत ऑगस्टिनच्या देवळाचे अवशेष. मठवासी संघांना बाहेर काढल्यावर 1835 मध्ये ही वास्तू रिकामी झाली, 1842 मध्ये छत कोसळले, आणि आता शेहेचाळीस मीटर उंच मनोऱ्याचा अर्धा भाग आकाशात बोटासारखा उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणात हुतात्मा झाली, तिच्या अस्थींचा अंश इथे पुरला होता. तो उत्खननात सापडला, आणि 2021 मध्ये भारताने तो जॉर्जियाला दिला.

मनोऱ्यात घंटा नाही. “ती पणजीला आहे,” सर म्हणाले. मला हसू आले. वसईकराला घंटा हरवण्याची सवय असते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर आमच्या देवळांतल्या घंटा भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि आणखी कुठे कुठे गेल्या. त्या अजून वाजतात. लहानपणी नारोशंकराची घंटा पाहिली तेव्हा आजी म्हणाली होती, “आपलीच आहे, पण आता त्यांची.” त्यात रागही नव्हता आणि मोठेपणाही नव्हता.

शेवटचा थांबा रोझरीच्या मातेचे देऊळ. 1510 मध्ये याच उंचवट्यावरून अल्बुकर्कने लढाई पाहिली, असे म्हणतात. मांडवी खाली संथ होती, दिवाडीची फेरी आडवी चालली होती. जपमाळेचा शेवटचा दशक आम्ही बाहेर उभे राहूनच म्हटला, कारण दार बंद होते. चावी कोणाकडे आहे याची चौकशी करण्यात अर्धा तास गेला आणि मावशीला तेवढाच विसावा मिळाला.

संध्याकाळी पणजीत जेवायला थांबलो, तेव्हा आम्ही चौघे बाकीच्यांना सोडून निष्कलंक मातेच्या देवळाकडे गेलो. त्या पांढऱ्या जिन्यावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर, मधोमध, ऑगस्टिनची घंटा टांगलेली दिसली. 1871 मध्ये तिला इथे आणले. मावशीने पहिल्याच पायरीवर बसून मान वर केली आणि विचारले, “ही ती?” मी हो म्हटले. तिने हातातली जपमाळ पिशवीत टाकली आणि पाय पसरले.