पिवळी खपली

जूनचा दुसरा आठवडा. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस होते आणि प्रयोगशाळेतले मामा जुनं कपाट रिकामं करत होते. मी साठ्याची नोंदवही तपासत बसले होते.

"मॅडम, या दोन बाटल्यांतलं रॉकेल पार आटलंय. खरवडून नवीन रॉकेल ओतू?"

मी वर पाहिलं. बाटल्या खणातच होत्या, मामांच्या हातात चाकू होता. सोडियमच्या तुकड्यांवर पांढरा थर धरला होता. शेजारच्या बाटलीतले तुकडे मात्र पिवळे-नारिंगी, हळकुंडांसारखे दिसत होते. ते पोटॅशियम होतं.

"मामा, चाकू खाली ठेवा. त्या बाटलीला हात लावू नका!"

पोटॅशियम उघडं पडलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यावर सुपरऑक्साइडची पिवळी खपली धरते. खपलीखाली धातू आणि त्यात मुरलेलं रॉकेल. त्यावर पातं दाबलं तर स्फोट होऊ शकतो. शिवाय कपाटामागच्या भिंतीला पावसाची ओल आलेली, आणि पाणी लागलं की हे धातू पेट घेतात. सगळ्यांना बाहेर काढलं, कोरड्या वाळूच्या बादल्या दाराशी आणवल्या, कुलूप लावलं, प्राचार्यांना कळवलं आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांना फोन केला.

मग आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. मामांचे हात अजून कापत होते.

"तुम्ही पोरांना सांगता, दोन्ही एकाच घरातले. मग एक पांढरं आणि दुसरं असं कसं?"

मी वहीच्या मागच्या पानावर आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन लिहिले: सोडियम २, ८, १. पोटॅशियम २, ८, ८, १. दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन. तो गेला की आत आठाचं भरलेलं कवच उरतं, निऑन-आर्गॉन या निष्क्रिय वायूंसारखं. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आले की अणूला तो एक "देऊन टाकायचा असतो". हे अर्धवट आहे, आणि मामांना ते तसंच सांगणं मला पटेना. इलेक्ट्रॉन फुकट सुटत नाही. सोडियमचा काढायला मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरलेल्या संख्येमागे, ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. पोटॅशियमचा केंद्रापासून आणखी एक कवच दूर, म्हणून ४१९. पण तयार झालेले आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेले-घेतलेले अणू, एकमेकांना घट्ट धरून बसतात तेव्हा घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा परत मिळते. आतल्या भरल्या कवचातला दुसरा इलेक्ट्रॉन ओढायला जावं तर सोडियमला ४५०० च्या वर लागतात. म्हणून गोष्ट एकावरच थांबते.

मामांनी डबा उघडला. भाकरी, ठेचा, कागदाच्या पुडीत मीठ.

"मग हे का पेटत नाही?"

"यातल्या सोडियमचा तो एक कधीच गेलाय. क्लोरीनकडे सात होते, त्याचे आठ झाले."

मामांनी पुडीकडे जरा वेळ बघितलं, मग मीठ घेतलं.

पोटॅशियमची बाटली दोन दिवसांनी माणसं येऊन वाळूत बसवून घेऊन गेली. सोडियम आम्हीच संपवलं: गॉगल, हातमोजे, तांदळाएवढे तुकडे, एकेक करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बारीक बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघत. मामा वाळूची बादली घेऊन शेजारी उभे होते. पहिला तुकडा कापला तेव्हा आतून चांदीसारखा लखलखला आणि बघता बघता मळकट झाला.

"चालला का तो एक?" मामांनी हळूच विचारलं.