पाऊस नसताना भरणारा ओढा

"घरात चांगला पलंग आहे, मग पैसे भरून जंगलात जमिनीवर कशाला झोपता?" हा प्रश्न मला गेली कितीतरी वर्षं विचारला जातोय. मंडळाच्या गणपतीत, व्हिडिओ कॉलवर, कोणाच्या बारशाला. सगळ्यात जास्त वेळा तो माझ्या आईने विचारलाय. मागोमाग तीन उपप्रश्न ठरलेले: आंघोळीचं काय, संडासाचं काय, आणि अस्वल आलं तर? दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी होते. आज नीट सांगते.

आम्ही लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो. दर जूनमध्ये तीन-चार दिवस आम्ही सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडच्या उतारावर जातो, बिग पाइन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी. घरून चार-साडेचार तासांची वाट, त्यातली बरीचशी मोहावीच्या वाळवंटातून. मग ३९५ नंबरचा हायवे लागतो. डाव्या हाताला डोंगरांची सलग भिंत आणि उजवीकडे ओवेन्स नावाचं तळं, म्हणजे एका काळी तळं होतं ते. बिग पाइन हे गाव चार हजार फुटांवर आहे. तिथून डावीकडे वळलं की रस्ता वळणावळणाने चढत जातो आणि दहा-अकरा मैलांत तुम्ही ७,७०० फुटांवर पोचता. खाली सगळं रखरखीत, नुसती खुरटी झुडपं. वर गेल्यावर अचानक पाइनची उंच झाडं आणि पाण्याचा आवाज. गाडीच्या काचा खाली केल्या की तो आवाज आधी येतो, ओढा नंतर दिसतो.

कॅम्पग्राउंड सरकारी आहे, इन्यो नॅशनल फॉरेस्टचं. प्रत्येकाला एक ठरलेली जागा: गाडी लावायला एक पट्टा, एक जड टेबल, शेकोटीला लोखंडी कडं, अन्न ठेवायला लोखंडी पेटी. वीज नाही, फोनला रेंज नाही. प्यायच्या पाण्याचा नळ आहे. संडास खड्ड्याचा, सिमेंटच्या छोट्या खोलीत, पाण्याविना. आम्ही आपली पाण्याची बाटली घेऊन जातो. आंघोळ नाही. संध्याकाळी पातेलंभर पाणी गरम करून हातपाय पुसतो, त्यावर चार दिवस निघतात. या दोन प्रश्नांना याहून जास्त उत्तर नाही.

जागेभोवती मोठमोठे दगड रचलेले असतात, गाडी त्यांच्या पुढे नेता येत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, शोभेसाठी असतील. मग वाचनात आलं की त्यामागे मायनेकी नावाचा, झाडांच्या रोगांचा अभ्यास करणारा एक शास्त्रज्ञ होता. १९२०च्या दशकात लोक मोटारी घेऊन जंगलात वाटेल तिथे उतरायला लागले. त्याने पाहिलं की चाकांनी आणि पायांनी माती दाबून घट्ट होते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि ज्या झाडांच्या सावलीसाठी माणसं येतात तीच झाडं उभ्या उभ्या मरतात. १९३२ साली त्याने उपाय मांडला: एकेरी गोल रस्ता, गाडीला ठरलेला पट्टा, टेबल आणि चूल पक्की एका जागी, आणि मधे हे दगड. सगळीकडे थोडं थोडं तुडवण्याऐवजी एकच जागा तुडवायची, बाकीची सोडून द्यायची. तेव्हापासून तंबू ठोकताना मी आधी झाडाचं बूड बघते. तिथल्या जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेत नाक घातलं तर व्हॅनिलासारखा वास येतो. उन्हात तापलेल्या झाडाला तर जास्तच. माझी लेक गाडीतून उतरली की आधी एका झाडाला जाऊन हुंगते, मग बाकीचं.

आता अस्वल. इथलं अस्वल म्हणजे काळं अस्वल, रंगाने पुष्कळदा तपकिरी असलेलं. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे आहे ते ग्रिझली. ते या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच संपलं. काळं अस्वल माणसाच्या मागे लागत नाही, अन्नाच्या मागे लागतं, आणि त्याचं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं. म्हणून ती लोखंडी पेटी. पत्र्याच्या आडोशाखाली बोटं घालून आतली कडी ओढायची, मग दार उघडतं. माणसाचा हात तिथे जातो, अस्वलाचा पंजा जात नाही. तूप, मसाल्याचा डबा, इतकंच काय टूथपेस्ट आणि साबणसुद्धा आत जातो.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. सगळं पेटीत ठेवलं, पण लेकीच्या दप्तरात चिवड्याची पुडी राहिली आणि ते दप्तर टेबलाखाली. मध्यरात्री कापड फाटल्याचा आवाज आला, मग जोरात श्वास घेतल्याचा. आम्ही तिघं तंबूत एकमेकांना धरून बसलो. सकाळी दप्तराच्या चिंध्या झाडाखाली मिळाल्या. कॅम्पग्राउंड सांभाळणाऱ्या वयस्कर बाई आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की अस्वल एकदा माणसाचं खाणं चाखलं की परत परत येतं, धीट होत जातं, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. ते अस्वल पुढे कुठे गेलं, मला कधी कळलं नाही. त्या पुडीची चुटपुट अजून जात नाही. आता रात्री झोपण्याआधी मी प्रत्येकाचे खिसे बघते, पाहुण्यांचेसुद्धा.

हे सगळं झालं सोयी-गैरसोयींचं. तुम्ही विचारलं होतं, कशाला जाता. मी जाते ती ओढ्यासाठी.

माझं आजोळ पाटण तालुक्यात. घरामागून ओढा जायचा, पुढे कोयनेला मिळायचा. मृग लागला की त्याला पाणी यायचं, दिवाळीपर्यंत तो वाहायचा, शिमग्याला नुसते गोटे उरायचे. आजी पडवीत झोपायची. रात्री आमच्याकडे पावसाचा थेंब नसताना अचानक ओढ्याचा आवाज बदलायचा, आजी कूस वळून म्हणायची, "वर पडलाय." सकाळी बघावं तर ओढा दुथडी. मला तेव्हा वाटायचं, आजीला डोंगरापलीकडचं दिसतं.

बिग पाइनला पहिल्या रात्री मी जागी झाले ती याच आवाजाने. संध्याकाळी खळखळत होता तो ओढा आता घुमत होता, खाली दगड गडगडल्यासारखा. तंबूतून डोकं बाहेर काढलं तर आकाश चांदण्यांनी भरलेलं, ढग नावाला नाही. जूनमध्ये तिथे पाऊस जवळजवळ नसतोच. मग हे पाणी कुठलं? सकाळी उठून गेले तर ओढा पुन्हा उतरलेला.

उत्तर वर होतं. या ओढ्याच्या उगमाकडे पॅलिसेड नावाची हिमनदी आहे, सिएरा नेवाडातली सर्वांत मोठी, आणि आजूबाजूला हिवाळ्याचं साठलेलं बर्फ. दुपारच्या उन्हात ते वितळतं. ते पाणी कड्यांवरून, तळ्यांमधून खाली यायला काही तास लागतात, म्हणून ओढा संध्याकाळनंतर चढतो आणि पहाटे उतरतो. रोज, ढग नसताना. आता लेकीचा खेळच आहे: चार वाजता पाण्याच्या कडेला वाळूत काडी रोवायची. जेवणं होईपर्यंत काडीच्या बुडाशी पाणी येतं, झोपायच्या वेळी काडी थरथरत असते, कधी वाहून जाते. सकाळी त्या जागी ओली वाळू आणि पाणी कुठवर आलं होतं त्याची बारीक रेघ.

वरच्या तळ्यांपर्यंत आम्ही दोनदा चढून गेलोय. दुसऱ्या तळ्याचं पाणी निळं-हिरवं, दुधात कालवल्यासारखं. हिमनदी खालचा खडक घासत सरकते आणि त्याचं पीठ पाण्यात येतं. जात्याच्या पाळूवर हात ठेवला की लागतं ना, तेवढं बारीक पीठ. ते पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड पसरवतं, म्हणून तो रंग. ही हिमनदी आकसते आहे. माझ्या नातवंडांच्या वेळी जूनमधल्या रात्री ओढा असा घुमेल का, हा विचार तिथे बसल्यावर येतोच.

काठावर एक राखाडी, गोलमटोल पक्षी असतो, डिपर म्हणतात. दगडावर उभा राहून सारखे उठाबशा काढल्यासारखं अंग खालीवर करतो. आपला धोबी शेपटी हलवतो, हा अख्खा हलतो. मग सरळ त्या बर्फाच्या पाण्यात शिरतो, तळाशी दगडांमधून चालत किडे टिपतो आणि भलतीकडून वर निघतो. अंगावर एक थेंब टिकत नाही.

या खोऱ्याला तिथले मूळचे पायूट लोक पायाहूनाडू म्हणतात, म्हणजे वाहत्या पाण्याची जागा. गोरे लोक यायच्या आधीपासून ते अशा ओढ्यांना बांध घालून पाट काढत, आणि आपल्या नागरमोथ्याच्या जातीतल्या एका लव्हाळ्याला पाणी देत. त्याचे कंद हे त्यांचं अन्न. पाणी सोडायला दरवर्षी एक माणूस सगळ्यांनी मिळून निवडायचा. हे वाचलं तेव्हा मला धुळ्याकडच्या पांझरेवरची फड पद्धत आठवली, बांध, पाट आणि सगळ्यांनी नेमलेला पाटकरी. दोन टोकांची माणसं, आणि पाण्याशी वागायची रीत किती जवळची.

पुढे लॉस एंजेलिस शहराने खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क घेतले. १९१३ साली २३३ मैलांचा कालवा सुरू झाला, कुठेही पंप नाही, निव्वळ उताराने पाणी शहरात. तो येऊन संपतो तो आमच्याच सॅन फर्नांडो व्हॅलीत. खोऱ्यातली ओवेन्स नदी अशी वळवल्यावर दहा-पंधरा वर्षांत ओवेन्स तळं वाळलं आणि तिथून खारी धूळ उडायला लागली. बिग पाइनचा ओढा ज्या नदीला मिळतो तीच ही नदी. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला, दुसरीकडच्या पाण्यात मिसळून का होईना, या ओढ्याचं पाणी येतं. हे कळल्यापासून मी तिथे नुसती सहलीला जात नाही. ज्याचं पाणी आपण पितो, त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी जावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या जूनमध्ये आई आली होती. प्रश्न तिचाच होता, म्हणून तिला घेऊनच गेलो. तिच्यासाठी जाड गादी, दोन रजया. पहिल्या दुपारी ती काठाशी वाकली आणि ओंजळ भरून तोंडाशी न्यायला लागली. मी हात धरला. प्राण्यांच्या विष्ठेतून येणारा जियार्डिया नावाचा सूक्ष्म जीव असल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असतो. त्या उंचीवर तीन मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय ओढ्याचं पाणी पिऊ नये. आई म्हणाली, "वाहतं पाणी आहे, त्याला काय होतंय?" मग नळाचं पाणी प्यायली, जरा नाखुशीनेच.

तिला खरं नवल वाटलं ते भांड्यांचं. आजोळी सगळी भांडी, सगळे कपडे ओढ्यावर जायचे. इथे उलटं. पाणी बादलीत घेऊन ओढ्यापासून दोनशे फूट, म्हणजे साधारण सत्तर पावलं दूर जायचं, तिथे घासायचं, खरकटं गाळून कचऱ्याच्या पिशवीत. साबणाच्या बाटलीवर काहीही छापलेलं असो, तो ओढ्यात जाऊ द्यायचा नाही. आई सत्तर पावलं मोजत गेली. परत येऊन म्हणाली, "आमच्याकडे कोणी असं सांगितलंच नाही." आजोळचा तो ओढा आता प्लॅस्टिकने भरलाय, हे तिनेच मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

स्वयंपाक तिने ताब्यात घेतला. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, म्हणून मी मुगाची नेते. तिने मूगडाळीची खिचडी केली, वर लसणीची फोडणी. जेवून पेटीची कडी लावली, खिसे तपासले. शेकोटीवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं, परत ओतलं, आणि राखेत हात घालून ती पूर्ण गार झाल्याची खात्री केली. कोरड्या जंगलात यात हयगय चालत नाही.

रात्री दहानंतर सगळं कॅम्पग्राउंड चिडीचूप. मला झोप लागत होती तेवढ्यात ओढ्याचा आवाज बदलला. अंधारात आईने कूस वळल्याचं ऐकू आलं. झोपेतच बोलल्यासारखी ती म्हणाली, "वर पडलाय गं."

"पाऊस नाही आई. बर्फ वितळलंय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून बसली, शाल घेतली, तंबूची चेन उघडली. मी पण तिच्या शेजारी जाऊन बसले. किती वेळ बसलो ते आठवत नाही. लेकीची काडी केव्हाच वाहून गेली होती.

घरी परतल्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, फुलपात्र भरलं आणि उजेडात धरलं.

"हे तेच का?"

"त्यातलं थोडं तरी."

तिने एक घोट घेतला. "तिथलं गार होतं," म्हणाली, आणि उरलेलं संपवलं.