होस्टिंग माझ्याकडे, डोमेन तुमच्या नावावर

वेबसाइट बनवून देणाऱ्याला कामाचे पैसे एकदाच मिळतात, पण ग्राहकाच्या अडचणी दरवर्षी उभ्या राहतात. सांगली-इचलकरंजीकडचे कारखानदार असोत, दंतवैद्य असोत वा शिक्षणसंस्था असोत, काम ठरवताना बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलतात: ‘त्या होस्टिंगचंही तुम्हीच बघा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.’ या वाक्यात प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. वेबसाइट ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग, वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव म्हणजे डोमेन, आणि ईमेल. यांपैकी पहिली गोष्ट मी आनंदाने घेतो आणि उरलेल्या दोन्ही ग्राहकाच्याच नावावर व खर्चावर ठेवतो. धंद्यातल्या काही मित्रांना हे हातचे उत्पन्न सोडण्यासारखे वाटते, म्हणून माझी कारणे सविस्तर मांडतो.

होस्टिंग स्वतःकडे ठेवण्याचा खरा फायदा दरवर्षीच्या रकमेपेक्षा कामाच्या सोयीत आहे. ग्राहकाने जाहिरात पाहून कुठलीशी स्वस्त योजना घेतली, की वेबसाइट ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीची आवृत्ती जुनी, बॅकअप बंद आणि पासवर्ड पूर्वीच्या कर्मचाऱ्याकडे, अशा अवस्थेत वेबसाइट बंद पडते आणि फोन मात्र ती बनवणाऱ्यालाच येतो. जबाबदारी येणारच असेल, तर चाव्याही आपल्या हातात असाव्यात. यासाठी दोन वाटा आहेत. रीसेलर योजना, म्हणजे मोठ्या कंपनीची जागा घेऊन ग्राहकांना फेरविकण्याची योजना, घेतली, की डब्ल्यूएचएम या व्यवस्थापन-पॅनेलमधून प्रत्येक ग्राहकाला सीपॅनेल या वेबसाइट सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचे स्वतंत्र खाते देता येते आणि सर्व्हरची देखभाल मूळ कंपनी करते. व्हीपीएस, म्हणजे स्वतः सांभाळायचा आभासी सर्व्हर, घेतला तर पैशांच्या मानाने ताकद जास्त मिळते, पण फायरवॉल, सुरक्षा-अपडेट आणि रात्री अडीच वाजता भरलेली डिस्क हे सगळे आपल्याच गळ्यात पडते. रचनाकाराने, विशेषतः एकट्याने काम करणाऱ्याने, रीसेलर योजनेवरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र २०१९ मध्ये सीपॅनेलने आकारणी खात्यांच्या संख्येवर नेली, तेव्हापासून ‘कितीही खाती उघडा’ हा जुना हिशेब उरलेला नाही. सोडून गेलेल्या ग्राहकांची आणि चाचणीसाठी उघडलेली खाती वेळच्या वेळी काढून टाकावी लागतात.

डोमेनची गोष्ट वेगळी आहे. वेबसाइट पुन्हा बांधता येते, जागा बदलता येते, पण दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि मालाच्या खोक्यांवर छापलेले नाव बदलता येत नाही. म्हणून सातबारा ज्याचा त्याच्याच नावावर असावा. नोंदणी करताना नाव, ईमेल व मोबाइल क्रमांक ग्राहकाचा, पैसे ग्राहकाच्या खात्यातून आणि मला फक्त डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे वळते याच्या नोंदी) बदलण्यापुरता प्रवेश, असा माझा नियम आहे. नूतनीकरण चुकले तर काय होते, हे मी पहिल्याच भेटीत सांगतो: .कॉम नाव मुदत संपल्यावर काही काळ, जास्तीत जास्त ४५ दिवस, नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे राहू शकते. ती सवलत प्रत्येक कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे देते. त्यानंतर नाव रद्द झाले, तर ३० दिवसांत जबर शुल्क भरून परत मिळवता येते आणि मग ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. चांगली नावे तर अनेकदा त्याआधीच लिलावात जातात. एवढी जोखीम दुसऱ्याच्या मालमत्तेवर, आणि तीही वर्षाला शे-दोनशे रुपये सुटावेत म्हणून, आपण का घ्यावी?

सर्वांत जास्त डोकेदुखी ईमेलची असते. सामायिक सर्व्हरवर अनेक खाती एकाच आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) मेल पाठवतात. त्यांतल्या एकाचा पासवर्ड फुटला आणि तिथून रात्रीतून हजारो फसवे मेल गेले, की तो पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो आणि काही चूक नसताना एखाद्या पंप बनवणाऱ्या ग्राहकाचे कोटेशन खरेदीदाराच्या स्पॅममध्ये पडते. त्याला आयपी पत्ता आणि काळी यादी समजावून सांगण्यात अर्थ नसतो, कारण त्याचे टेंडर गेलेले असते. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएमची नोंद (मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला हे पटवणारी डीएनएसमधली नोंद) आवश्यक केली आहे, आणि दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या दोन्ही नोंदींसह डीमार्कही (ही पडताळणी फसल्यास मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) लावावे लागते. त्यातच लेखापालाच्या संगणकावर आउटलुक, मालकाच्या मोबाइलवर दुसरेच ॲप आणि जीएसटी विवरणपत्र भरण्याच्या दिवशी नेमकी भरलेली मेलबॉक्स, ही त्रेधा वेगळीच. त्यामुळे झोहो किंवा गूगल वर्कस्पेस अशा ईमेल सेवेचे खाते ग्राहकाने स्वतःच्या नावाने घ्यावे. डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी मी करून देतो आणि त्या कामाचे एकदाच पैसे घेतो. होस्टिंगसोबत मोफत मिळणारा ईमेल शेवटी सर्वांत महाग पडतो, हे ग्राहकाला पटवायला थोडा वेळ लागतो, पण तेवढा वेळ द्यावा.

दर ठरवताना मी जीबीचा उल्लेख टाळतो. जागेचा भाव सांगितला, की ग्राहक लगेच मोबाइलवर पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव दाखवतो. नूतनीकरणाचा भाव त्याच जाहिरातीत बारीक अक्षरात असतो, पण तो कोणी वाचत नाही. त्याऐवजी जागा, बॅकअप, वर्डप्रेस (वेबसाइट चालवणारे सॉफ्टवेअर) व त्याच्या प्लगइनची अद्ययावतता आणि ठरावीक किरकोळ बदल यांचा मिळून एकच वार्षिक देखभाल करार करावा. होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्यांची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्यांनी नोंदणी घेतलेली नाही, त्यांना या कराचा परतावा मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरायला हवा. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणे आणि सर्व्हरचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. आपण केवळ फेरविक्री करतो, तेव्हा हे आपल्याला लागू नाही, असे परस्पर गृहीत न धरता जाणकाराला विचारून घ्यावे.

होस्टिंग कंपनी ९९.९ टक्के वेळ वेबसाइट चालू राहण्याची हमी देते, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे वेबसाइट बंद राहिली तरी ती आपले वचन पाळतेच. आपल्या करारात याहून मोठे वचन लिहू नये. बॅकअप मात्र त्याच कंपनीच्या भरवशावर ठेवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच आवारात असलेल्या काही ग्राहकांचे दोन्हीही जळाले. मी प्रत वेगळ्या कंपनीकडे ठेवतो आणि अधूनमधून ती प्रत्यक्ष उभी करून पाहतो, कारण न तपासलेली प्रत ऐनवेळी उघडेलच याची खात्री नसते.

पैसे थकले म्हणून वेबसाइट अडवून धरण्याच्या मी विरोधात आहे. मुदतीच्या महिनाभर आधी बिल, मग दोन स्मरणपत्रे आणि करारात लिहिलेल्या तारखेला खाते स्थगित, पण मागितल्यास फायली व डेटाबेसची पूर्ण प्रत, एवढे लेखी असावे. ग्राहक दुसऱ्या रचनाकाराकडे जात असेल तर मी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणून ठेवतो आणि जुने खाते आणखी दोन आठवडे चालू ठेवतो. या काळात जुन्या सर्व्हरवर येऊन पडलेल्या चौकशा मी नव्या माणसाकडे पाठवून देतो, आणि त्याचे वेगळे बिल लावत नाही.