सांडवा कापला तो दिवस

जुलै 2019. डिचोली तालुक्यातल्या एका बंद खाणीवर पावसाळी देखभालीचं काम माझ्याकडे होतं. सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्च 2018 पासून गोव्यातलं उत्खनन थांबलं. पण डंपावरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावरची माती दर पावसात खाली येतच राहते. इथे एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला टाकलेली असते.

डंपाच्या पायथ्याला जांभ्या दगडाची भिंत, भोवती चर, चराच्या टोकाला एकाखाली एक तीन सेटलिंग पाँड, म्हणजे गाळ खाली बसवायची तळी. वाळू पहिल्याच पाँडात बसते. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण मात्र मीटरभर खाली जायला जवळजवळ तीन दिवस घेतो, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. पाँड आधीच गाळाने भरलेला असला की पाणी टिकतच नाही, आलं तसं लालच बाहेर पडतं. म्हणून गाळ एप्रिल-मेमध्येच काढायचा असतो.

अंदाजपत्रक मी मार्चमध्ये दिलं होतं. कंपनी म्हणाली, पट्टा आता आमचा नाही. सरकारी कार्यालय म्हणालं, कंपनीची बँक हमी आहे. मोठ्या खाणींसाठी ती तेव्हा हेक्टरी 3 लाख होती, 2021 मध्ये 5 लाख झाली. पण जप्तीचा आदेश निघेपर्यंत त्या हमीतून पोकलेनच्या डिझेललाही पैसा मिळत नाही. खाणीची जमीन पूर्ववत करायचा पैसा असा हमीत अडकवून ठेवणं मला आजही चूक वाटतं. गाळाचा खर्च दरवर्षीचा आहे, त्याला दरवर्षी हाती येणारी रक्कमच हवी.

त्या पहाटे पाच वाजता तिसऱ्या पाँडाचं पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. बांधाच्या पायथ्याला झिरपणारं पाणी नितळ असेल तर चालतं. गढूळ झालं, की बांध आतून पोखरला जातोय. ते गढूळ होतं. परवानगीसाठी फोन केला, उत्तर आलं, 'वर विचारून सांगतो.' मी जेसीबीवाल्याला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मीटरभर कापायला सांगितला. बांध फुटला असता तर तिन्ही पाँडांचा गाळ खालच्या वस्तीवर गेला असता.

बांध राहिला. लाल पाणी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खालच्या शेतात शिरलं. भाताची लावणी होऊन आठ दिवस झाले होते.

शेतकरी आजोबा मेरेवर, शेताच्या बांधावर, उभे होते. "बाब, उदक कोणें सोडलें?"

"हांवें," मी म्हणालो.

गाळ बसायच्या आत पाणी काढायचं म्हणून आम्ही दोघांनी दुपारपर्यंत मेरा फोडल्या. वरचे दोन कोपरे वाचले, बाकी रोपं लाल साईखाली गेली. पंचनाम्यात कारण लिहिलं 'अतिवृष्टी'. माझ्या पर्जन्यमापकात 58 मिलिमीटर होते, इथल्या जुलैत असा पाऊस कितीदा तरी पडतो. तो आकडा मी जोडपत्र म्हणून लावायला दिला, लावला की नाही कळलं नाही. गाळ काढायची मंजुरी सप्टेंबरमध्ये आली, तेव्हा पाँडात मशीन उतरवणं शक्यच नव्हतं.

रात्री दोनला मी त्याच बांधावरून फिरलो होतो. पायथा ओला होता, पण पाणी नितळ होतं, म्हणून थांबलो. तेव्हाच वीतभर कापलं असतं तर वरचं कमी गाळाचं पाणी हळूहळू गेलं असतं. कदाचित आजोबांचं अर्धं शेत तरी वाचलं असतं.