आमची वाटचाल : ड्रॉइंग काढणारे आणि जॉब करणारे

कोल्हापुरात ओतकाम आणि मशीनिंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शेतीच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिनं उद्यमनगरात बनायची, त्यांच्या सुट्या भागांवर कितीतरी शेड उभ्या राहिल्या. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गाड्यांची कामं आली. वडिलांनी एका लेथवर जॉबवर्क (दुसऱ्यांचे पार्ट, म्हणजे ‘जॉब’, करून देण्याचं काम) सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक झिजलेला पार्ट टेबलावर ठेवायचं आणि ‘असाच करून द्या’ म्हणायचं. तो कुठे बसतो, कुठलं माप सांभाळायचं आणि कुठलं सैल चालेल, हे चहा पितापिता समोरासमोर ठरायचं.

आम्ही शिरोलीत आलो, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घेतलं, पुण्याची कामं मिळाली. ड्रॉइंग ईमेलवर येऊ लागली आणि ती काढणारा माणूस दिसेनासा झाला. आमची खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ५० मिमी खोल पॉकेट (खळगा) आणि आतले चारही कोपरे टोकदार, असं ड्रॉइंग आलं. असा खळगा काढणारा कटर, म्हणजे एंडमिल, गोल फिरतो. १० मिमीचा कटर लावला तर कोपऱ्यात ५ मिमीची त्रिज्या राहणारच. बारीक कटर एवढ्या खोलीत थरथरतो आणि मोडतो. कोपरा टोकदारच हवा असेल तर इलेक्ट्रोड करून ईडीएमवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या मशीनवर) तासन्‌तास काढावे लागतात. चौकशी केल्यावर कळलं की आत बसणाऱ्या प्लेटचे कोपरे मुळातच गोल होते.

टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचं, तसंच. २५ मिमीच्या बोअरला (भोकाला) ड्रॉइंगवर एच७ लिहिलं म्हणजे २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मुभा. बेअरिंग बसणार असेल तर रास्तच आहे, आम्ही देतो. पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या ड्रॉइंगवर कशालाही न टेकणाऱ्या ३०० मिमी लांबीला ±०.०२ मिमी असतं. स्टीलचा एवढा जॉब १० अंशांनी तापला की ३५ मायक्रॉन वाढतो, आणि एप्रिलमध्ये शेडमधला सकाळ-दुपारचा फरक सहज तेवढा असतो. सकाळी पास झालेला जॉब दुपारी नापास. ते माप मागच्या ड्रॉइंगवरून तसंच पुढे आलं होतं. ते सांभाळायचा खर्च मात्र प्रत्येक नगावर पडत होता.

सगळ्यात महाग पडलं ते एका गिअरबॉक्सच्या कव्हरचं काम. आधीच्या पुरवठादाराकडून ते आमच्याकडे आलं होतं. आम्ही तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे कव्हरं केली, मापं तपासणाऱ्या सीएमएम मशीनचा रिपोर्ट जोडला. असेंब्ली लाइनवर सगळी अडकली, कारण एका बोल्टच्या डोक्याशेजारी रिब (मजबुतीसाठीची उभी पट्टी) होती आणि तिथे पाना फिरत नव्हता. नुकसानीची डेबिट नोट आमच्या नावावर निघाली. शेवटी लाइनवरच्या फिटरनं जुनं कव्हर आणून दाखवलं. त्याची ती रिब ग्राइंडरनं घासलेली होती. आधीच्या शेडमधला कुणीतरी मिस्त्री प्रत्येक नगावर गुपचूप ते ‘जमवून’ देत होता. ड्रॉइंग चुकलंय हे त्याला माहीत होतं, लाइनला माहीत होतं. फक्त डिझाइन विभागापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

आमच्या धंद्यात असं जमवून घेण्याला हुशारी मानतात. मला ते पटत नाही. त्या घासलेल्या रिबमध्ये खरं ज्ञान होतं, आणि ते भंगारातल्या बुऱ्याबरोबर वाया गेलं.

तेव्हापासून शेडमध्ये जो काही बदल सुचेल तो ड्रॉइंगच्या प्रतीवर लाल पेनानं लिहिला जातो, डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळं काय हवं) म्हणून कंपनीला जातो, आणि रिव्हिजन नंबर वाढल्याशिवाय जॉब मशीनवर चढत नाही. कोटेशन देण्याआधी टर्नर, व्हीएमसीचा सेटर आणि इन्स्पेक्टर एकत्र बसून ड्रॉइंग वाचतात, आणि त्यांचे प्रश्न दरासोबतच पाठवतो. ‘तुम्ही फक्त करून द्या’ असं म्हणून काही गिऱ्हाइकं निघून गेली. ती गेल्याचं नुकसान आम्ही सोसलं.

काहींनी मात्र डिझाइनची माणसं पाठवली. पुण्याहून आलेल्या एक तरुण मॅडम सेटिंग चालू असताना मशीनपाशी उभ्या होत्या. हाउसिंगला पकडायला जागाच नव्हती, सेटर तीनदा क्लॅम्प बदलत होता. त्यांनी तिथेच वहीत दोन लग (पकडायला बाहेर ठेवलेले कान) काढून दाखवले. पुढच्या रिव्हिजनमध्ये ते आले आणि तीन सेटिंगचं काम दोनात बसलं. सेटरनंही त्यांना विचारलं, मॅडम, ह्या फेसला एवढी फ्लॅटनेस कशाला? त्यांनी मोबाइलवर गळणाऱ्या सीलचा फोटो दाखवला. त्यानंतर त्या फेसवर सपाटी तपासायचा डायल फिरवायला तो कधी विसरत नाही.

नवीन काम पाठवणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. पार्टच्या ड्रॉइंगसोबत असेंब्लीचंही ड्रॉइंग द्या, नावं आणि दर झाकलेले चालतील. आणि ते ज्यानं काढलंय त्याचा फोन नंबर द्या. खरेदी विभागाचा आमच्याकडे असतोच.